द्वारका ते डांगाण

नाशिकच्या द्वारका चौकात दोन मोठे रस्ते एकमेकांना भेटतात, मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता. डोक्यावरून उड्डाणपूल गेला आहे, खाली रिक्षा, एसटी, ट्रक आणि सिग्नलला खोळंबलेल्या दुचाक्यांची दाटी असते. या चौकातून मुंबईच्या दिशेने निघालेला माणूस घोटीला डावीकडे वळला, की घाट चढून बारी गावात पोहोचतो. पुण्याच्या दिशेने निघालेला सिन्नर, संगमनेर, अकोले करत राजूरला येतो. दोघेही एकाच डोंगरात शिरतात, फक्त दारे वेगळी. तो डोंगर म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, कोकणावर झुकलेला कोकणकडा, रतनगड, भंडारदऱ्याचे धरण आणि सांदण दरी हे सगळे त्याच्या कुशीत किंवा अगदी कडेला आहे.

या मुलखाला तिथली माणसे डांगाण म्हणतात. अकोले तालुक्याचा हा पश्चिमेकडचा, सह्याद्रीला टेकलेला भाग. पावसाचा खेळ इथे विलक्षण असतो. घाटघर आणि रतनवाडीच्या बाजूला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तोच ढग पूर्वेला संगमनेरपर्यंत पोहोचेतो जवळजवळ रिकामा झालेला असतो. तिथे पाचशेच्या आतबाहेर पाऊस पडला तरी शेतकरी समाधान मानतो. एकाच तालुक्यात भाताची खाचरे आणि बाजरीची रानेही दिसतात ती यामुळे. कळसूबाईची रांग मुख्य सह्याद्रीपासून फुटून पूर्वेला गेली आहे. तिच्या उत्तर उतारावरचे पाणी दारणेला जाते, दक्षिण उतारावरचे प्रवरेला. प्रवरा रतनगडाच्या पायथ्याशी उगम पावते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात. मुळा पुढे प्रवरेला मिळते, आणि प्रवरा नेवाशाजवळ प्रवरासंगमाला गोदावरीला. नाशिकच्या रामकुंडावरून वाहत गेलेले पाणी आणि डांगाणातले पाणी तिथे एकत्र होते.

सरकारने हे अभयारण्य १९८६ साली जाहीर केले. क्षेत्र साडेतीनशे चौरस किलोमीटरहून थोडे अधिक, कारभार नाशिकच्या वन्यजीव विभागाकडे. पुष्कळ पर्यटक याला सरसकट ‘नॅशनल पार्क’ म्हणतात, पण राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत कायद्याने मोठा फरक आहे, आणि तो फरक इथे समजून घेतलाच पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात माणसांचे जमिनीवरचे हक्क संपवावे लागतात, गुरे चारायला मनाई असते. अभयारण्यात जिल्हाधिकारी चौकशी करून लोकांचे काही हक्क चालू ठेवू शकतात. सह्याद्रीतच याचे उदाहरण आहे. दक्षिणेकडचे चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य झाले आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. तिथली गावे उठली, माणसे पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली. कळसूबाईच्या डोंगरात मात्र बारी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, रतनवाडी, कुमशेत, अंबित, पाचनई ही गावे आहेत तिथेच नांदत आहेत. हे जंगल माणसांसकट राखलेले आहे. त्याचा इतिहासही माणसांसकटच सांगावा लागतो.

सुरुवात कळसूपासूनच करावी. शिखरावर तिचे छोटेसे देऊळ आहे, नवरात्रात तिथे गर्दी उसळते. तिची कथा गावोगाव थोड्याफार फरकाने सांगतात, आणि इंग्रजांच्या काळात अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही ती नोंदली गेली. कळसू ही कोळ्याची पोर. तिला रानात हिंडण्याचा नाद. हिंडता हिंडता ती डोंगराच्या पायथ्याच्या इंदोर गावी आली आणि एका घरी कामाला राहिली. राहण्याआधी तिने अट घातली: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. काही दिवस सुरळीत गेले. मग एके दिवशी घरातल्या कुणीतरी तिला तीच दोन कामे सांगितली. तिने ती केली, आणि पाठ फिरवून सरळ डोंगर चढली. पुन्हा खाली आली नाही. जिथे तिने ताटे घासली ती जागा थाळेमळ, आणि जिथे केर टाकला तो काळदरा, अशी नावे लोक डोंगरावर दाखवत.

देवदेवतांच्या कथांत सहसा राक्षस मारले जातात, वर दिले जातात. इथे एका कामकरी मुलीला दिलेला शब्द मोडला गेला आणि तिने ते घर सोडले, एवढेच घडते. एवढ्यावर ती महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकाची देवी झाली. १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट उंचीवर जाऊन बसलेली ही मुलगी डोंगराच्या सगळ्या इतिहासाचा सूर आधीच लावून ठेवते. या मुलखात पुढे दीडशे-दोनशे वर्षे जे जे घडले, त्यात मोडलेला करार आणि डोंगराचा आसरा ही दोन्ही पुन्हा पुन्हा येतात.

महादेव कोळी हे इथले प्रमुख रहिवासी. ठाकरांच्या वाड्याही आहेत. किल्ल्यांची राखण, घाटवाटांवरची चौकी ही कोळी नाइकांची वंशपरंपरेची कामे. पेशवाईत राजूरचा जावजी बांबळे आपल्या बापाची जागा मिळाली नाही म्हणून बिथरला आणि डोंगरात जाऊन बंडखोर झाला. त्याने एकामागून एक किल्ले घेतले. शेवटी नाशिकच्या पेशवे अंमलदाराने समजूत घालून, तुकोजी होळकरांच्या मध्यस्थीने त्याला माफी मिळवून दिली. किल्ले परत आले आणि जावजीला राजूरकडच्या साठ गावांचा अधिकार मिळाला. पेशव्यांना एक गोष्ट कळली होती: या कड्याकपारींत नाइकांना बाजूला सारून राज्य करता येत नाही.

इंग्रजांना ती कळायला वेळ लागला. १८१८ नंतर त्यांना गडांची गरजच उरली नाही. दुर्ग निकामी करण्यासाठी या पट्ट्यातल्या अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या गेल्या. अलंग, मदन, कुलंग या त्रिकुटावर आज दोर लावून चढावे लागते. गड गेले तसा गडांच्या राखणीवर जगणाऱ्यांचा तनखाही आटला. सावकारांची कर्जे मात्र वाढत गेली आणि जमिनी त्यांच्या वह्यांत जाऊ लागल्या. देवगावच्या रामजी भांगरेने बंड केले. त्याचा मुलगा राघोजी भांगरे १८४० च्या दशकात सावकारांवर आणि कंपनी सरकारवर उठला. नगर, नाशिक, ठाणे, पुणे या जिल्ह्यांच्या डोंगरांत त्याने इंग्रजी फौजेला पळवले. १८४८ च्या सुरुवातीला तो पंढरपुरात पकडला गेला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. १८५७ च्या उठावाला तेव्हा नऊ वर्षे अवकाश होता. देवगाव आजही राजूरच्या वाटेवर आहे, पण भंडारदऱ्याला निघालेल्या गाड्या तिथे क्वचितच थांबतात. त्या थांबायला हव्यात.

हरिश्चंद्रगड मात्र राजकारणाहून फार जुना आहे. गडावरचे हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव देऊळ, शेजारच्या गुहा, आणि थोडे खाली केदारेश्वराची गुहा. या गुहेत मोठ्या शिवलिंगाभोवती कमरेइतके गार पाणी असते. लिंगाभोवती चार खांब होते, त्यांतला एकच उभा आहे. पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालणाऱ्याचे पाय दोन मिनिटांत बधिर होतात. योगी चांगदेवांनी याच गडावर ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ लिहिला, शके १२३४ म्हणजे इसवी सन १३१२ मध्ये. ज्ञानेश्वरी पूर्ण झाल्यानंतर बावीसच वर्षांनी, इतक्या दूरच्या, पावसाच्या कड्यावर कुणी मराठीत तत्त्वज्ञान मांडत बसले होते, हे या डोंगराचे मोठेपण आहे.

त्यानंतर पाचशे वर्षांनी इथे आणखी एक नोंद झाली, वेगळ्या प्रकारची. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. पक्षी, मासे, फळे, पाऊस, हवेचा दाब, सगळे तो लिहून ठेवी. चंडोलाच्या एका जातीला आजही त्याचे नाव आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ मध्ये छापलेल्या दख्खनच्या हवामानावरील निबंधात त्याने कड्यावरून पाहिलेल्या गोल इंद्रधनुष्याचे वर्णन केले. मराठी गिर्यारोहक त्याला इंद्रवज्र म्हणतात. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे आणि त्याची भिंत मध्यावर आत वळलेली आहे. सकाळी सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असतो आणि समोर, खाली कोकणातून धुके चढत येते. धुक्यातल्या थेंबांवर पाहणाऱ्याची सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगांचे पूर्ण वर्तुळ उमटते. पाच जण ओळीने उभे असले, तरी प्रत्येकाला रंगांचे कडे दिसते ते स्वतःच्याच डोक्याभोवती. धुके फार दाट झाले किंवा ऊन ढगात गेले, की सगळे विरते. पावसाळ्याच्या दिवसांत पहाटेपासून कड्यावर बसूनही दर्शन न झालेले लोक पुष्कळ आहेत.

विसाव्या शतकात डोंगराला सर्वांत मोठा बदल आणला तो धरणाने. प्रवरेवर भंडारदऱ्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. म्हणून नाव विल्सन धरण. दगडी बांधकामाची ही भिंत सुमारे २७० फूट उंच आहे. मागचा जलाशय भरला की अकरा टीएमसी पाणी मावते. १९६९ मध्ये भिंतीला तडे गेल्याने ती पुढे आधारभिंती घालून मजबूत करावी लागली. जलाशयाचे पाणी डांगाणात फारसे वापरले गेले नाही. ते नदीतून खाली ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत आणि तिथून कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या सपाटीवर गेले. तिथे ऊस उभा राहिला. बेलापूरचा खासगी साखर कारखाना निघाला. १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला. महाराष्ट्राच्या सहकाराचे पाणी हे असे डांगाणच्या पावसातून गेले आहे. वरच्या गावांनी जमीन दिली आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन त्यांनाच दूरवर जावे लागले. या हिशेबाची बाकी अजून मिटलेली नाही.

ऊस वाढला तसा बिबट्या खाली उतरला. अकोल्याच्या सपाट, दाट वस्तीच्या पट्ट्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस, तेही जिथे चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा शेतशिवारात. त्या भागात नाव घेण्यासारखे जंगल नव्हते. म्हणजे नकाशावर वरच्या डोंगराभोवती अभयारण्याची रेघ ओढली, तरी तिच्यातून पाणीही खाली येते आणि जनावरही. डोंगर राखायचा, तर खालचे शिवार विसरून चालत नाही.

वरचे जंगल निमसदाहरित आहे. हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा, सादडा, अंजनी, आणि उतारांवर कारवीचे रान. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा सगळी मिळून फुलते आणि मरते. तिच्या वाळल्या काठ्यांच्या कुडाला शेणामातीचा गिलावा दिला की घराची भिंत तयार होते. कच्चा बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकणे हा इथल्या कुटुंबांच्या रोख पैशाचा एक जुना मार्ग आहे. औषधाला आणि कातडी कमावायला तो लागतो. सांबर, भेकर, रानडुक्कर, वानर हे रानात आहेत, पण इथे प्राणी बघायला जीपमधून फेरी नसते. दिसतात ते पायी चालणाऱ्याला, आणि तेही बहुधा खुरांच्या ठशांतून.

डांगाणचे खरे लक्षवेधी जनावर पाळीव आहे. डांगी गाय-बैल पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके असलेले, मध्यम बांध्याचे, टणक खुरांचे. त्यांच्या कातडीतून तेलकट अंश झिरपतो, त्यामुळे मुसळधार पाऊस अंगावर टिकत नाही. चार महिने चिखलात उभे राहून भातासाठी नांगर ओढायचा, तर असेच जनावर लागते. ते कुणा प्रयोगशाळेने घडवलेले नाही. शेकडो वर्षे पावसात टिकलेली कालवड राखत राखत इथल्या शेतकऱ्यांनीच ही जात निपजवली. बियाण्याचेही तसेच. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी भात, वाल, भाज्यांची बियाणी घरात जपली, वाटली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या दुर्गम पट्ट्याकडे देशाचे लक्ष गेले.

अलीकडे मुंबई-नाशिकच्या गर्दीला डांगाणात ओढून आणतात ते काजवे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या पावसाच्या आगेमागे, भंडारदरा, घाटघर, रतनवाडीच्या झाडांवर हजारो काजवे लुकलुकतात. वळवाची सर पडून गेलेली, वारा थांबलेला, चंद्र नसलेला असा काळोख त्यांना हवा असतो. एखाद्या हिरड्यावर चमक एका फांदीवर सुरू होते आणि बघता बघता खालून वरपर्यंत सरकत जाते. क्षणभर झाड विझते, पुन्हा पेटते. नर मादीला खुणावतो तो याच प्रकाशाने. काजव्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात ओल्या मातीत, गोगलगाई खात जाते; प्रौढ होऊन उडण्याचे दिवस थोडे, आणि जोडी जमायची तर त्यातच. गाडीचा हेडलाइट किंवा मोबाइलचा टॉर्च झाडावर मारला की खूण बुजते. झाडाखालची माती शेकडो पायांनी तुडवली की पुढच्या वर्षीच्या अळ्या मरतात. वनविभाग या दिवसांत नाक्यावर शुल्क घेतो, गाड्यांवर आणि रात्रीच्या वेळेवर बंधने घालतो. ती बंधने आणखी कडक असायला हवीत. शनिवारी रात्री घाटघरच्या अरुंद रस्त्यावर लागलेली गाड्यांची रांग काजव्यांना सोसणारी नाही.

जाणाऱ्याने ऋतू पाहून ठिकाण निवडावे. कळसूबाईची नेहमीची वाट बारीहून आहे. चढायला तीन-चार तास धरावेत. कातळाच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. पावसात त्या निसरड्या होतात, आणि पंधरा ऑगस्ट किंवा सलग सुट्ट्यांना शिडीखाली रांगेत उभे राहावे लागते. साम्रदची सांदण दरी म्हणजे कातळातली खोल, अरुंद चीर. पावसाळ्यात तिच्यातून पाण्याचा लोंढा वाहतो, तेव्हा तिथे उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. ती हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतची जागा. हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट सर्वांत सोपी, खिरेश्वरहून टोलार खिंडीतली लांब, आणि बेलपाड्याहून येणारी नळीची वाट सरावलेल्यांसाठीच.  कोकणकड्याच्या काठावर पोटावर झोपूनच खाली पाहायचे, हा जुन्या ट्रेकरांचा रिवाज आहे आणि तो पाळावा. मुक्काम कुठे करता येतो, काय बंद आहे, हे दरवर्षी बदलते, म्हणून निघण्याआधी राजूर किंवा भंडारदऱ्याच्या वनकार्यालयात विचारावे. वर कचरा उचलणारी यंत्रणा नाही. नेलेली प्रत्येक बाटली परत आणावी.

राहण्या-जेवण्यासाठी पाचनई, रतनवाडी, साम्रद, बारी या गावांतली घरे आहेत. नागलीची भाकरी, पिठले, भात आणि ठेचा मिळतो. वाटाड्याही गावातलाच घ्यावा. त्याला धुके कधी चढणार ते कळते, आणि त्याच्या हातात पडलेला पैसा त्याच रानाजवळ राहतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोनकीने पठारे पिवळी होतात आणि शेतांत खुरासणी फुलते. पाऊस ओसरून थंडी पडली की राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. नगर, नाशिक, ठाण्याच्या डोंगरांतून शेतकरी बैल सजवून आणतात. जोडीची शिंगे, खूर, ठिपके, चाल बघून परीक्षक निवड करतात, आणि बाजूला सौदे चालू असतात. द्वारकेहून पुणे रस्त्याने सकाळी लवकर निघालेला माणूस दुपारपर्यंत तिथे पोहोचतो.